‘चालू करून पाहू’ : जुन्या संगणकाचा पहिला शत्रू

#थ्रेड

१/ महाडहून रायगडाकडे जाताना वाटेवर नाते हे गाव लागते. १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव देशमुख येथे जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. १९४५ ते १९६४ या काळात ते भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

२/ याच संस्थेने १९५० च्या दशकाच्या मध्यात कलकत्त्यात एचईसी-२एम हा ब्रिटिश बनावटीचा संगणक उभारला. भारतातील पहिला अंकीय संगणक तो हाच. म्हणजे या इतिहासाचा एक धागा थेट रायगडाच्या परिसरात येतो. तरीही शिलालेखापुढे हात जोडणारा इतिहासप्रेमी माळ्यावरच्या संगणकाला भंगार म्हणतो. हा दुजाभाव कशासाठी?

३/ झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक ब्रिटनमध्ये १९८२ साली आला. त्याची ‘प्लस’ आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतीय बाजारात आणली. स्मृती ४८ किलोबाइट, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवणीला साधी कॅसेट.

४/ असे यंत्र सापडताच पहिला उद्गार निघतो : ‘चालू करून पाहू.’ येथेच घात होतो. स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्ट अडॅप्टरच्या पिनचा मध्यभाग ऋण असतो. आज मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांचा धन. पिन बसते, म्हणून लावली जाते, आणि तीस-पस्तीस वर्षे टिकलेले यंत्र क्षणात जळते. मोडी कागदाची घडी हिसका देऊन उलगडणाऱ्यास आपण काय म्हणू?

५/ आधी मल्टिमीटर, मग वीज. मूळ अडॅप्टर भाराविना ९ पेक्षा बराच जास्त व्होल्ट दाखवतो. तो बिघाड नव्हे. त्यानंतर बोर्ड पाहावा. खालच्या १६ किलोबाइट स्मृतीसाठी ४११६ जातीच्या आठ चिप असतात. त्यांना +५, +१२ आणि −५ असे तीन दाब लागतात. −५ नाहीसा होऊन +१२ तसाच राहिला, तर चिप मरतात.

६/ म्हणून पडद्यावर उभे पट्टे दिसले की चिप बदलण्याची घाई चुकीची ठरते. आठही चिप प्रत्येक बाइटमधील एकेक बिट सांभाळतात. त्यामुळे एक मेली की दर आठ ठिपक्यांतील एकच स्तंभ बिघडतो. पट्टे हे लक्षण आहे. मूळ कारण अनेकदा −५ आणि +१२ निर्माण करणाऱ्या मंडलातील ट्रान्झिस्टर असतो. तो तसाच ठेवून बसवलेली नवी चिपही मरते.

७/ आक्षेप येतो : ‘इम्युलेटर असताना ही उठाठेव कशाला?’ आक्षेपात तथ्य आहे. कॅसेटचा आवाज संगणकावर उतरवून आज्ञावली इम्युलेटरवर चालवता येते, आणि हे काम सर्वांत आधी व्हावे. कारण एखाद्या मुलाने स्वतः टंकून साठवलेल्या आज्ञावलीची दुसरी प्रत जगात नसते. मात्र टेपरेकॉर्डर आधी दुसऱ्या कॅसेटवर तपासावा.

८/ पण इम्युलेटर खरा की खोटा, हे ठरवणार कशावरून? चालत्या यंत्रावरूनच. शिवाय कोणता भाग केव्हा बदलला, गावच्या रेडिओ मेकॅनिकने कोठे डाग दिला, ही साक्ष फक्त बोर्डावर असते. नक्कल वाचता आली म्हणून अस्सल पत्र कोणी चुलीत घालत नाही.

९/ दुसरे टोक तितकेच घातक : ‘सगळे भाग नवे टाका.’ चुन्याच्या तटबंदीला सिमेंट फासले की हेच तरुण संतापतात, आणि तो संताप योग्यच आहे. मग यंत्राला वेगळा न्याय का? बिघडलेला तेवढाच भाग बदलावा. काढलेला भाग तारीख लिहून पाकिटात ठेवावा. आधीचे व नंतरचे छायाचित्र घ्यावे.

१०/ २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले. येथे जुन्या वस्तूला दुसरी संधी मिळेलच, असे कोणी धरू नये. चिखलात भिजलेले यंत्र आधी स्वच्छ धुवावे, पूर्ण सुकवावे आणि मगच तपासावे. गाळ वाळला तरी धातू खात राहतो.

११/ दुरुस्ती ही साधनचिकित्साच आहे : आधी पाहणे, मग मोजणे, शेवटी हात लावणे. हा संयम ज्याच्या अंगी नाही, त्याचे इतिहासप्रेम केवळ जुन्याचा शौक आहे. माळ्यावरचे यंत्र आणखी एक पावसाळा काढील. उतावळ्या हातातून ते वाचणार नाही.

(समाप्त)