यंत्राचा कोड म्हणजे निदान नव्हे

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव जुन्या दगडी देवळांसाठी ओळखले जाते. अशा हेमाडपंती बांधणीत घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले असतात. देऊळ उभे राहते ते सांध्यांच्या बळावर. आपला आजचा विषय देवळांचा नसून अवजड यंत्रांचा आहे. पण तेथेही बरेचसे सांध्यांवरच अवलंबून असते, म्हणून सुरुवात येथून केली.

विद्यार्थी मित्रांनो, अशी कल्पना करा की चारठाण्याजवळ रस्त्याच्या कामावर एक पोकलेन माती उपसत आहे. (फ्रान्समधील एका कंपनीचे हे नाव आपल्याकडे यंत्रालाच चिकटले.) रात्री पाऊस पडून गेला आहे. सकाळी ऑपरेटर किल्ली फिरवतो, तोच समोरच्या पडद्यावर आकडे उमटतात : १०० आणि ४. मेकॅनिक तक्ता पाहतो. १०० म्हणजे इंजिनातील तेलाचा दाब. ‘सेन्सर गेला,’ असे तो जाहीर करतो. शहरातून नवा सेन्सर येईपर्यंत दोन दिवस काम बंद राहते. नवा सेन्सर बसतो, कोड जातो, सर्वांना हायसे वाटते. तीन आठवड्यांनी जोराचा पाऊस होतो आणि तोच कोड पुन्हा हजर!

चूक कोठे झाली? ती समजण्यासाठी हा कोड तयार कसा होतो, ते पाहू.

आजच्या अवजड यंत्रात इंजिनाचा कारभार एक छोटा संगणक पाहतो. भारतात बांधकाम यंत्रांच्या धुराविषयीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अधिक कडक झाले. ते पाळायचे तर इंधन अचूक मोजून सोडावे लागते आणि हे काम संगणकाखेरीज होत नाही. तेलाच्या दाबाच्या सेन्सरला साधारणपणे तीन तारा असतात. एका तारेतून संगणक ५ व्होल्ट पुरवतो, दुसरी परतीची असते आणि तिसरीतून सेन्सर दाबानुसार कमीअधिक व्होल्ट परत पाठवतो. हा आकडा बहुधा ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान असतो. तो या मर्यादेच्या खाली गेला, की संगणक कोड नोंदवतो.

आता नीट लक्ष द्या. अनेक यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या जे-१९३९ या पद्धतीत पहिला आकडा ‘कशाविषयी’ ते सांगतो, तर दुसरा ‘काय दिसले’ ते सांगतो. ४ म्हणजे व्होल्ट फार कमी, ३ म्हणजे व्होल्ट फार जास्त, ५ म्हणजे प्रवाह फार कमी किंवा मंडल तुटलेले, आणि १ म्हणजे वाचन विश्वासार्ह असून मोजलेली गोष्टच धोकादायक इतकी कमी आहे. म्हणजे ‘१००, ४’ याचा अर्थ ‘सेन्सर गेला’ असा नाही. ‘या तारेवर मला व्होल्ट कमी दिसतात’ एवढाच आहे. सेन्सर बिघडला असेल, ५ व्होल्टची तार तुटली असेल, संदेशाची तार घासून लोखंडी सांगाड्याला टेकली असेल किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरले असेल. उलट ‘१००, १’ दिसले आणि ‘सेन्सर खोटे बोलतो’ म्हणून यंत्र तसेच चालवले, तर तेलावाचून इंजिनच निकामी होईल. तेथे इंजिन ताबडतोब बंद करून तेलाची पातळी पाहावी आणि साध्या यांत्रिक मापकाने दाब मोजावा.

मग नवा सेन्सर बसवल्यावर कोड गेला कसा? सेन्सर बदलताना कनेक्टर काढून पुन्हा लावावा लागतो. त्या घर्षणाने पिनांवरचा गंज थोडा खरवडला जातो आणि सांधा काही दिवस बरा चालतो. श्रेय मात्र नव्या सेन्सरला मिळते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, की कावळ्यालाच दोषी धरायचे, असा हा न्याय आहे.

कधी तर तीन-चार कोड एकदम येतात. अननुभवी माणूस चार सेन्सर मागवतो. पण अनेकदा हे सेन्सर एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर असतात. त्यांपैकी एक आतून जोडला गेला, की पुरवठाच कोसळतो आणि बाकीचे विनाकारण बदनाम होतात. अशा वेळी मीटर लावून एकेक सेन्सर सोडवत जावे. ज्याच्या सुटण्याने ५ व्होल्ट परत येतात, तेथे आपला गुन्हेगार असतो.

या कामाला लागणारे गणित शाळेतलेच आहे. यंत्रातील निरनिराळे संगणक पिळलेल्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. बॉश या जर्मन कंपनीने ही पद्धत १९८६ साली जाहीर केली. या जोडतारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. किल्ली बंद करून दोन तारांमध्ये मोजल्यास किती ओहम दिसावेत? समांतर जोडणीचे सूत्र वापरा : ६०. मीटर १२० दाखवत असेल, तर एक रोध सुटला आहे किंवा तार तुटली आहे. जवळजवळ शून्य दाखवत असेल, तर दोन तारा एकमेकींना टेकल्या आहेत. परीक्षेपुरते वाटणारे सूत्र येथे बंद पडलेल्या यंत्राची नाडी दाखवते.

‘काम खोळंबले की मोजत कोण बसतो? भाग बदलून मोकळे व्हावे,’ असे काहीजण म्हणतात. भाग बदलणे हीसुद्धा एक चाचणी आहे, हे मान्य. पण मग ती पुरी करावी : जुना भाग परत लावून पाहावा. दोष परतला, तरच तो भाग दोषी. एवढे करण्याची तयारी नसेल, तर त्याला निदान म्हणू नये. आणि मोजायला लागतात दहा-पंधरा मिनिटे; चुकीचा भाग मागवण्यात जातात ते दिवस. यंत्र उभे राहिले, की मालकाबरोबर त्यावर पोट असलेल्या ऑपरेटरचेही नुकसान होते.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर प्रत्येक गटाच्या हाती द्यावा. कोरड्या विद्युतघटाचे, बल्बचे आणि कळीचे साधे मंडल घेऊन त्यात शिक्षकांनी गुपचूप एक दोष ठेवावा; वरून धड दिसणारी पण आतून तुटलेली तार उत्तम. प्रत्येक मोजणीपूर्वी ‘येथे किती व्होल्ट दिसायला हवेत’ हे मुलांनी वहीत लिहावे, मगच मीटर लावावा. गुण द्यावेत ते त्या नोंदीला, नुसत्या उत्तराला नव्हे. घरातील २३० व्होल्टच्या विजेवर मात्र हा प्रयोग कदापि करू नये.

गावोगावच्या रस्त्यांवर ही यंत्रे आली आहेत. ती दुरुस्त करणारे हात उद्या याच गावांतून येतील. पडद्यावरचा आकडा कोणालाही वाचता येतो. त्या आकड्याला ‘कशावरून?’ असे विचारून, मोजून खात्री करणारा विद्यार्थी घडवणे, हे शाळेचे काम आहे.