गीझर इलेक्ट्रिक, गॅस की हीट पंप? आधी शेवटच्या युनिटचा दर बघा

स्मार्ट मीटर बसला की दिवसा वीज स्वस्त, हे फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आलं असेल. महावितरणने घरगुती स्मार्ट मीटरवाल्यांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत दिली आहे, हे खरंच आहे. पण आपल्या घरात गीझर चालतो सकाळी सहा ते आठ. मग फायदा कुणाला?

आधी साधं गणित करू. २० लिटरची बादली, पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायचं, तर लागते ०.५८ युनिट वीज. चार माणसं म्हणजे दिवसाला साधारण २.३ आणि महिन्याला ७० युनिट. इन्स्टंट गीझर असो की टाकीवाला, पाणी तापवायला ऊर्जा तेवढीच लागते. फरक फक्त टाकीतून झिरपणाऱ्या उष्णतेचा, आणि स्टार रेटिंग मुख्यतः तेच सांगतं.

आता सगळे चुकतात ती जागा. लोक बिलाची रक्कम भागिले युनिट करतात आणि सरासरी दर धरतात. पण वीजदर स्लॅबने वाढतो. गीझर सोडून तुमचा वापर १२० युनिट असेल, तर गीझरची सगळी ७० युनिटं १०१ ते ३०० च्या महाग स्लॅबमध्ये पडतात. तिथला दर इतर आकार धरून १२ रुपये मानला, तर एक बादली सात रुपयांना पडते. एकटे राहत असाल आणि एकूण वापर शंभरच्या आत असेल, तर हिशोब पूर्ण बदलतो; साधा गीझर ठेवा आणि पुढचं वाचूही नका!

गॅसचं बघू. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटइतकी उष्णता असते. गॅस गीझर त्यातली ८० टक्के पाण्यात उतरवतो असं धरलं आणि सिलिंडर ९०० रुपयांचा, तर युनिट सव्वासहा रुपयांना. बादली साडेतीन-पावणेचारला. जवळजवळ निम्मा खर्च. तरी मी बंद बाथरूममध्ये तो लावणार नाही. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि चक्कर आल्यावर कडी काढायची ताकदही राहत नाही. गीझर बाहेर गॅलरीत आणि आत फक्त पाइप, एवढं जमत असेल तरच.

हीट पंप उष्णता तयार करत नाही, हवेतली ओढून पाण्यात ढकलतो, फ्रीजच्या उलट. एका युनिटमध्ये सुमारे तीन युनिटांची उष्णता मिळते. म्हणजे ८४० रुपयांचं काम २८० मध्ये. पण साध्या गीझरपेक्षा ५० हजार जास्त मोजावे लागले, तर ते वसूल व्हायला साडेसात वर्षं, तेही बारा महिने गरम पाण्याने आंघोळ केली तर. भाड्याच्या फ्लॅटमध्ये विषयच संपला. गच्चीवर हक्क असेल तर सोलर उत्तम, फक्त पावसाळ्यात बॅकअप लागतो.

आणि ती दुपारची सवलत? मीही टायमर लावून दुपारी साडेचारला पाणी तापवायचा विचार केला होता. २५ लिटरची टाकी ६० अंशांपर्यंत तापवली तरी त्यात जेमतेम सव्वा युनिट मावतं. सवलत युनिटमागे रुपयाच्या आसपास, म्हणजे वाचला सव्वा रुपया. सकाळपर्यंतच्या चौदा तासांत टाकीतून त्याहून जास्त पैशांची उष्णता उडून जाते. ऑफिसहून येऊन संध्याकाळी आंघोळ करणाऱ्यांचं मात्र यात जमू शकतं.