बावखलांचे मारेकरी कोण?

वसईच्या हिरव्या पट्ट्यातील बावखले आमच्या पूर्वजांनी खणली ती शोभेसाठी नव्हे. पावसाचे पाणी त्यांत साठावे, मुरावे, रहाटाने वाड्यांना मिळावे आणि समुद्राकाठच्या विहिरी गोड्या राहाव्यात, असा त्यांचा दूरदर्शी हिशेब होता. आज कित्येक बावखलांत पाणी दिसतच नाही. दिसते ती जांभळ्या फुलांची जलपर्णी.

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती केवळ फुलांच्या मोहापायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली आणि पुढे देशभर पसरली. अनुकूल पाण्यात ती सुमारे पंधरवड्यात दुप्पट होते. तिच्या दाट थराखाली उजेड पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासळी गुदमरते. कुमुदासारख्या इथल्या पाणवनस्पतींना जागा उरत नाही.

ती काढण्याचा विषय निघाला की काही भाविक म्हणतात, तीही देवाचीच निर्मिती. प्रभूने निदणाच्या दाखल्यात निदण कापणीपर्यंत राहू द्यावे असेच सांगितले ना? तो दाखला माणसांविषयी आहे. कोण गहू आणि कोण निदण याचा निवाडा आपण घाईने करू नये, हा त्याचा बोध. त्यावरून शेताची बेणणी सोडून देणारा शेतकरी आमच्या तरी पाहण्यात नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मानवाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. राखण म्हणजे नुसते पाहत बसणे नव्हे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परके म्हणून हाकला, असे आम्ही म्हणत नाही. तो शब्द आपल्या समाजानेही पुष्कळ ऐकला आहे. मिरची, काजू, पेरू, अननस हेही अमेरिका खंडातूनच आले आणि आपल्या वाड्यांत गुण्यागोविंदाने नांदले. जलपर्णीचा दोष परकेपणाचा नाही. ती शेजाऱ्याला जगू देत नाही, हा आहे.

दुसरे म्हणतात, डास वाढले, दुर्गंधी सुटली, तेव्हा भराव टाकून बावखल बुजवावे. जागेचे भाव पाहता या आरोग्यचिंतेचा उगम शोधायला दूर जावे लागत नाही. 2018 च्या जुलैत वसई पाण्यात बुडाली, तेव्हा पावसाला सामावून घेणाऱ्या या खळग्यांचे मोल सर्वांना कळायला हवे होते. बुजवलेले बावखल जलपर्णीपासून मुक्त होते खरे. पण पाण्यापासूनही मुक्त होते.

तिसरे तणनाशकाचा सोपा उपाय सुचवतात. फवारलेली जलपर्णी तेथेच कुजते, उरलासुरला प्राणवायू संपवते आणि विष मागे ठेवते.

मुळात तिला पोसतो कोण? सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे तिचे खाद्य. आमच्या न्हाणीघरांचे, संडासांचे पाणी बावखलात सोडायचे आणि वर जलपर्णीला दोष द्यायचा, हा अप्रामाणिकपणा आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात निसर्गाची हानी आणि मानवाचे पाप यांचा संबंध दाखवून दिला. ते परिपत्रक वाचून झाल्यावर आपल्या घरामागचा नळ कोठे रिकामा होतो, हे पाहण्यास हरकत नसावी.

छायाचित्रासाठी वर्षातून एकदा केलेली सफाई निरुपयोगी आहे. जलपर्णीचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. पाण्यात राहिलेल्या एका रोपापासून पुन्हा पसारा होतो. म्हणून प्रथम सांडपाणी बंद करावे. फुले येण्यापूर्वी ती हाताने उपसावी, काठापासून दूर वाळवावी, शेणासोबत कुजवून खत करावे. नंतर दर पंधरवड्याला नवी रोपे वेचावीत. एकेका आळीने एकेक बावखल दत्तक घेतले, तर हे काम जड नाही.

धर्मग्रामाच्या सणाला मांडवावर आपण किती खर्च करतो, हे सर्वांना ठाऊक आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी त्यातला थोडा वाटा आणि थोडे श्रम बावखलाच्या काठी पोहोचू द्यावेत, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.