टिचकीची मजुरी

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेच्या सुमारास आमच्या एका विद्यार्थ्याची आई शाळेंत आली आणि फी भरण्यास दोन महिन्यांची मुदत मागूं लागली. शिवणकामावर घर चालविणारी ही बाई. तिनें आजवर कधीं फी थकविली नव्हती. कारण विचारतां प्रथम ती कांहीं बोलेना. मग कळलें तें असें कीं, नववींत शिकणाऱ्या तिच्या मुलानें तिच्याच मोबाईलवरून, तिला न विचारतां, तेवीस हजार रुपये घालविले होते. मुलगा उनाड नव्हे. त्याला व्यसन नाहीं कीं जुगाराचा नाद नाहीं. आईला हातभार लावावा, एवढीच त्याची इच्छा होती.

मोबाईलवर निरोप आला होता कीं, अमुक चित्रफितींना पसंतीची टिचकी मारा, दर टिचकीस पन्नास रुपये घ्या. पहिल्या संध्याकाळीं तीन टिचक्यांचे दीडशे रुपये खरोखरच खात्यांत आले. दुसऱ्या दिवशीं एक हजार भरल्यावर तेराशे परत आले. तिसऱ्या दिवशीं पांच हजार मागण्यांत आले, आणि येथून पुढें पैसा एकाच दिशेनें वाहूं लागला. काम अपुरें आहे, आणखी आठ हजार भरा. आतां काम पुरें झालें, पण रक्कम काढण्यापूर्वीं कर म्हणून दहा हजार भरा. या शेवटच्या दहा हजारांत साडेतीन हजार त्याच्या दोन वर्गमित्रांचे होते.

ही हकीकत ऐकून आमच्यापैकीं कांहीं जण म्हणाले, “लोभाचें फळ!” आमचें मत निराळें आहे. लोभी मनुष्य श्रमावांचून पैसा इच्छितो. हा मुलगा तर रात्रीं अभ्यास आटोपल्यावर बसून ‘काम’ करीत होता. लॉटरीचें तिकीट कोणीं पुढें केलें असतें, तर त्यानें तें घेतलें नसतें अशी आमची खात्री आहे. काम करावें आणि दाम घ्यावें ही जी शिकवण आपण घरीं व शाळेंत देतों, तिचाच मुखवटा या ठकांनीं चढविला आहे. म्हणून ‘लोभ धरूं नका’ एवढें सांगून आमचें कर्तव्य संपत नाहीं. हें काम कसलें, त्याचा उपयोग कोणास, आणि त्याची मजुरी कोणाच्या खिशांतून येते, हें विचारावयास मुलांना शिकविलें पाहिजे.

प्रथम जाहिरातीचाच विचार करूं. एखादा कापडवाला वर्तमानपत्रांत जाहिरात देतो ती गिऱ्हाइकानें दुकानांत यावें म्हणून. त्याच्या दारापुढून दिवसभर ये-जा करण्यासाठीं भाडोत्री माणसें कोणीं पुरविलीं, तर तीं पाहून त्याला काय लाभ? एक वार कापडही खपणार नाहीं. मजुरी घेऊन जाहिरातीवर मारलेली टिचकी अशीच आहे. म्हणूनच जाहिरातीच्या व्यापारांत अग्रेसर असलेल्या गूगलनें आपल्या जाहिरातींवर पैसे देऊन टिचक्या मारवून घेण्यास साफ मनाई केली आहे, आणि तसें करणाऱ्याचें खातें बंद होतें.

तथापि सर्वांनाच एका मापानें मोजणें न्यायाचें नव्हे. टिचकीचे पैसे देणारीं कांहीं संकेतस्थळें वर्षानुवर्षें चाललीं असून कबूल केलेलें देतातही. पण तें देणें किती असतें? एका टिचकीस बहुधा सेंटचा दहावा भाग, फार तर एक सेंट. शंभर सेंटांचा एक डॉलर, आणि डॉलरचे आज ऐंशीहून अधिक रुपये होतात; म्हणजे सेंटच्या दहाव्या भागाचे आठनऊ पैसे. जाहिरात उघडून ठराविक सेकंद थांबावें, मग ते पैसे जमा होणार. एका जाहिरातीस अर्धें मिनिट धरलें, तर तासभर बसून दहा रुपयांच्या आसपास हातीं येतील, आणि तेही तितक्या जाहिराती मिळाल्या तर! मिळत नाहींत. शिवाय ठराविक रक्कम सांचल्यावांचून ती काढूं देत नाहींत. तेव्हां या धंद्यांत प्रामाणिकपणाची मोठी खूण म्हणजे मजुरीचा क्षुद्रपणा! एका टिचकीस पांच रुपये किंवा पन्नास रुपये जो कबूल करतो, तो जाहिरातदाराच्या पैशांतून तें देऊं शकणारच नाहीं. मग तो कोणाच्या पैशांतून देतो?

याचें उत्तर कित्येक खटल्यांच्या कागदपत्रांत मिळतें. अमेरिकेंत ‘ट्वेल्व्ह डेली प्रो’ नांवाचें संकेतस्थळ होतें. सहा डॉलरांचा एक भाग घ्यावा, रोज बारा जाहिराती पाहाव्या, आणि बारा दिवसपर्यंत दररोज बारा टक्के घ्यावे, अशी त्याची रीत. म्हणजे बारा दिवसांत शंभराचे एकशें चव्वेचाळीस! तीन लाखांहून अधिक लोक त्यांत शिरले. सन २००६ च्या फेब्रुवारींत तेथील रोखे बाजाराच्या नियामक मंडळानें न्यायालयांत दावा लावला, तेव्हां सांगण्यांत आलें कीं, आलेल्या पैशांपैकीं निदान पंचाण्णव टक्के रक्कम सभासदांनीं नव्यानें भरलेल्या पैशांचीच होती. दहा वर्षांनीं, २०१६ सालीं, यूटा संस्थानांतील ‘ट्रॅफिक मॉन्सून’वर याच मंडळानें असाच दावा केला. पन्नास डॉलर भरा, रोज पन्नास जाहिरातींवर टिचकी मारा, पंचावन्न डॉलर परत घ्या. त्याचे सुमारें नव्वद टक्के सभासद अमेरिकेबाहेरचे होते. सभासद परदेशचे असल्यानें अमेरिकेचा कायदा आपणांस लागूच पडत नाहीं, असाही बचाव चालकानें करून पाहिला. वरिष्ठ न्यायालयानें २०१९ मध्यें तो फेटाळला. गरीब देशांतील माणसांस गांठावयाचें आणि मग त्यांच्याच दूरपणाची ढाल करावयाची, हा धीटपणा वाखाणण्यासारखाच म्हणावयाचा!

आपल्याकडील अनुभवही कमी नाहीं. ‘स्पीक एशिया’चें नांव पुष्कळ पालकांस आठवत असेल. वर्षाची वर्गणी अकरा हजार रुपये. आठवड्यास दोन प्रश्नावल्या भरावयाच्या, दर प्रश्नावलीस पांचशें रुपये. म्हणजे अकरा हजारांवर वर्षास बावन्न हजार. कोणाच्या मालाबद्दल हे प्रश्न आहेत, उत्तरें कोण वाचतो, हें विचारण्याची कोणास गरज वाटली नाहीं. सन २०११ मध्यें पैसे देणें थांबलें आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तपास गेला. महाराष्ट्रांतील हजारों कुटुंबांची पुंजी त्यांत अडकली.

त्याहून उघड गोष्ट नोएडाच्या ‘सोशल ट्रेड’ची. उत्तर प्रदेशच्या विशेष कृति दलानें २०१७ सालच्या फेब्रुवारीच्या आरंभीं तिचे चालक पकडले, तेव्हां लाखों लोकांकडून सुमारें ३,७०० कोटि रुपये गोळा झाल्याचें जाहीर झालें. तिची मोठी वर्गणी ५७,५०० रुपयांची. ती भरणारास रोज १२५ टिचक्या मिळत, दर टिचकीस पांच रुपये. म्हणजे रोजचे ६२५. आमच्या सातवीच्या मुलांसही हा हिशेब येईल. ५७,५०० ला ६२५ नीं भागलें असतां बरोबर ९२ येतात. मधली कापाकापी सोडून दिली, तर कामाच्या ब्याण्णव दिवसांत सभासदास त्याचेच पैसे परत मिळाले, आणि तो आनंदानें शेजाऱ्यास सांगूं लागला कीं, कंपनी अगदीं सचोटीची आहे! त्र्याण्णवाव्या दिवसापासून त्याला जें मिळूं लागलें तें त्या शेजाऱ्याचें होतें. वर्षांत कामाचे तीनशें दिवस धरले, तर एका सभासदास १,८७,५०० रुपये द्यावे लागतील. तीन नव्या सभासदांची सगळी वर्गणी ओतली तरी ही रक्कम भागत नाहीं. मग त्या तिघांस पोसण्यास दहा, आणि त्या दहांस पोसण्यास तीसांहून अधिक. ही गुणाकाराची चढण कोणाही कंपनीला फार दिवस चढतां येणार नाहीं. आणि ती थांबते त्या दिवशीं शेवटीं आलेल्यांच्या पदरीं शून्य पडतें. बोस्टन शहरांत १९२० सालीं चार्ल्स पाँझी या गृहस्थानें पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देऊं केला होता. त्याचा हिशेब यापेक्षां निराळा नव्हता. त्याला फक्त टिचकीची युक्ति सुचली नव्हती.

तेव्हां ‘आम्हांला पैसे मिळाले आहेत’ या साक्षीस कवडीचेंही मोल देऊं नये. आरंभीं पैसे मिळणें हा सचोटीचा पुरावा नसून त्या फसवणुकीचा तो खर्च आहे. मासे धरणारा गळास गांडूळ लावतोच. काम देणारा उलट कामकऱ्याकडूनच पैसे मागूं लागला कीं तेथेंच उठावें. कोणत्या गिरणीनें मजुराकडून आधीं अनामत घेऊन त्यास मागावर बसविलें आहे? कित्येक वेळां कंपनीच्या नोंदणीचें प्रमाणपत्र दाखवितात व पालकही त्यास भुलतात. कंपनीची नोंदणी म्हणजे लोकांच्या ठेवी घेण्याची परवानगी नव्हे. ज्या जाहिराती दाखवितात त्या नीट पाहाव्या: साबण, पुस्तकें, आगगाडीचीं तिकिटें अशा खऱ्या मालाच्या आहेत, कीं असल्याच दुसऱ्या योजनांच्या? संकेतस्थळाचें नांव केव्हां नोंदलें गेलें, हें कोणासही फुकट पाहतां येतें. दहा वर्षें जुनी म्हणविणारी संस्था तीन महिन्यांची निघाल्यास आणखी चौकशी नको. आणि पैसे काढावयास गेलें असतां यंत्रणा दुरुस्त होत आहे, नियम बदलले आहेत, ओळखपत्र पुन्हां तपासावयाचें आहे, अशीं कारणें सुरू झालीं, म्हणजे तो हिशेब संपत आला असें समजावें. त्या वेळीं ‘अडकलेले सोडविण्यासाठीं’ एक पैही अधिक भरूं नये. आमच्या विद्यार्थ्याचे पहिले पांच हजार गेले ते गेलेच होते. पुढचे अठरा हजार त्या पांचांच्या मागें गेले.

विद्यार्थिमित्रांनो, याहून वाईट गोष्ट पुढें आहे. या योजनांत मित्रास ओढून आणल्यास अधिक मजुरी मिळते. ठकास दलाल नेमावा लागत नाहीं. तुमची मैत्री त्याची दलाली करते. तुमच्या शब्दावर भरंवसा ठेवून जो पैसे भरतो, तो उद्यां त्या अनोळखी ठकाचें तोंड पाहणार नाहीं, तुमचें पाहील. कायद्याच्या दृष्टीनेंही हें निर्दोष नाहीं. पैशाच्या साखळी योजनांस मनाई करणारा १९७८ चा कायदा योजना चालविणारापुरताच नाहीं; तींत सभासद नोंदविणें किंवा भाग घेणें यांसही त्यानें बंदी केली आहे. अलीकडे तर ‘तुमचें बँकेचें खातें थोडे दिवस वापरूं द्या, टक्केवारी देऊं’ असेंही विचारतात. अशा खात्यांतून दुसऱ्या कोणाचे लुबाडलेले पैसे पुढें जातात, आणि पोलिस प्रथम येतात ते खातेदाराच्या, म्हणजे बहुधा तुमच्या वडिलांच्या, दारीं.

पालकांसही आमची एक तक्रार सांगावयाची आहे. मुलगा असें कांहीं करून बसल्यावर पुष्कळ घरीं पहिली गोष्ट होते ती माराची, आणि दुसरी लाजेनें गप्प बसण्याची. या दोहोंत जो वेळ जातो, त्या वेळांतच पैसा एका खात्यांतून दुसऱ्या, दुसऱ्यांतून दहाव्या खात्यांत पोंचतो. १९३० या क्रमांकावर दूरध्वनि केल्यास सरकारी यंत्रणेकडून तो वाटेंत अडविण्याचा यत्न होतो. पण त्यास तास मोजावे लागतात, दिवस नव्हेत. केंद्र सरकारनें डिसेंबर २०२३ मध्यें असल्या कामांच्या व गुंतवणुकीच्या नांवाखालीं चाललेलीं शंभरांहून अधिक संकेतस्थळें बंद केलीं. त्यानंतरही नवीं निघालींच. सरकारनें दार बंद करावें आणि त्यांनीं खिडकी उघडावी असें हें चाललें आहे. अशा वेळीं मुलानें घडलेलें त्याच रात्रीं घरीं सांगणें यासारखा उपाय नाहीं, आणि तो सांगेल कीं नाहीं हें पूर्वीं त्याच्या लहान चुका आपण कशा ऐकून घेतल्या यावर ठरतें. आमच्या विद्यार्थ्यानें आईस सांगितलें तें आठव्या दिवशीं, आणि तेंही फीची तारीख आली म्हणून.

त्या बाईंस आम्हीं मुदत दिली. तक्रार नोंदविली गेली, पण उशीर झाल्यामुळें खात्यांत कांहीं शिल्लक सांपडलें नाहीं. मुलाच्या दोन्हीं मित्रांचे पैसे मात्र आपण फेडणारच असें तिनें सांगितलें, व मुलास मशीनजवळ बसवून काजें करणें, बटणें लावणें असें काम त्याजकडून करवून घेऊं लागली. एका सदऱ्यामागें त्याचा हिस्सा ती वहींत वेगळा मांडते. एका मित्राचे दीड हजार पुरे फिटले आहेत. दुसऱ्याच्या दोन हजारांपैकीं सातशें अद्याप बाकी आहेत.