शनिवार तेल्यांची शाळा

घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, हा प्रकार भिलाईच्या सेक्टर 2 मधील मराठी घरांना नवा नाही. पोर हिंदी-इंग्रजीत फर्डे बोलते आणि आजीचे पत्र वाचायची वेळ आली की आईला हाक मारते! पण शाळेत घालावे तर मूल आपला धर्मच सोडील की काय, अशी धास्ती आपल्याला सहसा नसते. मुंबईच्या बेने इस्रायली आईबापांना ती एकोणिसाव्या शतकात होती.

हे मराठी बोलणारे ज्यू मूळचे कोकणातले. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. शनिवारी तो बंद, म्हणून गावात नाव पडले 'शनिवार तेली'. आडनावे पेणकर, रोहेकर अशी आपल्यासारखीच. हिब्रू मात्र ते विसरून गेले होते. ती त्यांना पुन्हा शिकवली कोणी? ख्रिस्ती मिशनऱ्यांनी! जॉन विल्सन यांनी तर 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण चक्क मराठीत छापले. मुले मिशनच्या शाळांत शिकली. धर्म फारच थोड्यांनी सोडला, तरी जिवाला घोर होताच.

मग 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी पुढाकार घेऊन मुंबईत समाजाची स्वतःची 'इझ्रायलाइट स्कूल' काढली. मराठी, इंग्रजी आणि जोडीला हिब्रू. पैशांची चणचण पाचवीला पुजलेली. लंडनच्या ज्यू संस्थेची मदत मिळे. पुढे बगदादहून पूर्वेकडे जाऊन गब्बर झालेले सर एली कदूरी यांनी मोठी देणगी दिली आणि 1930 च्या दशकात माझगावच्या या शाळेला त्यांचे नाव लागले.

पण देणगीदारापेक्षा मला मोठ्या वाटतात त्या रिबेका रूबेन. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेली ही मुलगी 1905 मध्ये मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिली आली! इंग्लंडला जाऊन शिकून आलेल्या रिबेकाबाईंनी 1922 पासून 1950 पर्यंत ही शाळा सांभाळली.

त्या असतानाच, 1948 मध्ये, इस्रायल राष्ट्र झाले. एकेक कुटुंब निघाले. वर्गातली ज्यू मुले बोटांवर मोजण्याइतकी उरली आणि त्या बाकांवर इतर धर्मांची, विशेषतः मुसलमान, मुले येऊन बसली. शाळेने दार लावले नाही.

गेलेल्यांनी बरोबर नेली ती मराठी. इस्रायलमधून त्यांनी मराठी नियतकालिकही चालवले. नाव ठेवले 'मायबोली'.