ग्रामपंचायतींच्या राउटरमधील मार्गांचा अग्रक्रम दुरुस्त करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती मुळशी, पौड, जि. पुणे.

विषय : फायबर तुटल्यावर ग्रामपंचायतीचे इंटरनेट आपोआप पर्यायी लाइनवर जाण्याबाबत.

महोदय,

आम्ही ताम्हिणी घाटाकडील गावांतील ग्रामस्थ व संगणक परिचालक हे निवेदन सादर करीत आहोत. आमच्या ग्रामपंचायतीत दोन लाइन आहेत, एक फायबरची आणि एक टॉवरवरून येणारी. पावसाळ्यात फायबर तुटते, त्याची तक्रार नाही. इथला पाऊस आम्हाला ठाऊक आहे. मात्र टॉवरची लाइन धडधडीत चालू असताना दाखल्यासाठी पायपीट करून आलेली म्हातारी माणसे रिकाम्या हाताने परत जातात, हे आम्हाला सहन होत नाही.

दोष राउटरच्या मांडणीत आहे. एकाच ठिकाणचा रस्ता दोघांनी सांगितला, तर सांगणारा कोण, हे राउटर आधी पाहतो. मार्ग कळवणाऱ्या प्रोटोकॉलपैकी आरआयपी मधले टप्पे मोजतो, ओएसपीएफ लाइनच्या वेगावरून खर्च काढतो. ही मापे एकमेकांशी ताडता येत नाहीत. म्हणून प्रत्येक स्रोताला एक आकडा दिलेला असतो, त्याला अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स म्हणतात. आकडा लहान तो मार्ग पुढे. सिस्कोच्या राउटरमध्ये थेट जोडणीला ०, हाताने लिहिलेल्या स्टॅटिक मार्गाला १, बाह्य बीजीपीला २०, ओएसपीएफला ११० आणि आरआयपीला १२०.

आमच्याकडे फायबरचा डीफॉल्ट मार्ग स्टॅटिक आहे, टॉवरचा ओएसपीएफने येतो. फायबर घाटात तुटले तरी कार्यालयातल्या फायबरच्या डब्यापर्यंतची वायर शाबूत असते, दिवा हिरवाच राहतो. राउटरच्या लेखी १ क्रमांकाचा मार्ग जिवंत असतो आणि सगळी माहिती तुटलेल्या टोकाकडे जात राहते. घाटात दरड आली की गाड्या अलीकडेच वळवतात. इथे वळवायला कोणी उभे नाही.

म्हणून सेवा पुरवठादाराला लेखी आदेश द्यावा, ही आमची मुख्य मागणी आहे. स्टॅटिक मार्गाला पलीकडच्या टोकाची सतत चाचणी जोडावी, म्हणजे उत्तर थांबताच तो मार्ग यादीतून निघेल. ते जमत नसेल तर दोन्ही लाइनवर ओएसपीएफ चालवावा आणि फायबरचा खर्च कमी ठेवावा.

अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सचा आकडा राउटर शेजारच्या राउटरला कळवत नाही, त्यामुळे एका गावातली दुरुस्ती दुसऱ्या गावाला पुरत नाही. प्रत्येक गावचा राउटर स्वतंत्र तपासावा. कंपनी बदलली की आकडेही बदलतात. ज्युनिपरमध्ये स्टॅटिकला ५, ओएसपीएफच्या अंतर्गत मार्गाला १० आणि बीजीपीला १७० असतात. तेव्हा यंत्र बदलताना जुनी मांडणी जशीच्या तशी उतरवू नये, आणि अग्रक्रमाचा तक्ता कार्यालयात लावावा.

पावसाळ्यापूर्वी संगणक परिचालकासमोर फायबर पलीकडच्या टोकाला सोडवून चाचणी घ्यावी. डब्याजवळची वायर काढून घेतलेली चाचणी आम्हाला मान्य नाही, कारण तेव्हा दिवा विझतो आणि दोष लपतो.

कळावे,

आपले विश्वासू,
ग्रामस्थ व संगणक परिचालक, ता. मुळशी