गिरणीचे दार उघडले, विणकाम खात्याचे नाही

इंग्रज आले, आगगाडी आली, गिरण्या आल्या आणि जात आपोआप सैल झाली, असे आपल्याला शाळेतल्या पुस्तकापासून परिसंवादाच्या व्यासपीठापर्यंत ऐकवले जाते. आता त्याच चालीवर नवे गाणे सुरू आहे. खासगी कंपन्या आल्या, संगणक आला, आता जात कोण विचारतो? मग आरक्षण हवे कशाला? या दोन्ही युक्तिवादांच्या मुळाशी एकच समज आहे. यंत्र आले की जात जाते, हा तो समज. एकोणिसाव्या शतकाचा इतिहास आपल्या माणसांच्या बाजूने वाचला, तर तो टिकत नाही.

हा समज केवळ प्रस्थापितांचा नव्हता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कार्ल मार्क्सने एका अमेरिकन वृत्तपत्रात लिहिले की, रेल्वेच्या मागून येणारे आधुनिक कारखाने भारतातील जातींना आधार देणारी वंशपरंपरागत कामाची वाटणी मोडून टाकतील. माणूस मोठा, हेतूही चांगला, पण अंदाज चुकला. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली स्पष्ट केले. कामगारांना चढत्या-उतरत्या भाजणीत बसवणारी ही व्यवस्था कारखान्याच्या फाटकावर थांबत नाही.

बदल झालाच नाही असे मात्र कोणी म्हणू नये. त्या शतकात महाराचे गावातले जगणे दोन्ही बाजूंनी ढवळून निघाले. येसकरकी, सारा वसूल करताना चावडीची धावपळ, हद्दीच्या तंट्यात साक्ष, सांगावा पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे ही त्याची कामे. त्याबदल्यात बलुते आणि वतनाचा तुकडा. टपाल आणि पोलीस खाते आल्यावर यातली काही कामे गेली. विदर्भात महार जाडेभरडे कापड विणत, तो धंदा गिरणीच्या कापडाने बुडवला. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ साली सुरू झाली. ज्यांचे हातमाग बसले, त्यांतल्याच अनेकांना पुढे गिरणीच्या फाटकावर उभे राहावे लागले.

आणि वतन? जे मोडायला हवे होते ते सरकारने मोडले नाही. उलट १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ते कागदावर पक्के केले. राबणूक सरकारची आणि पोट गावाच्या बलुत्यावर, असा हा न्याय होता. वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला धरून कामाला लावता येई. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक आणले, ते याच गुलामीविरुद्ध. आगगाडी धावू लागल्यानंतर एकवीस वर्षांनी त्याच सरकारने वतनाची गाठ आणखी आवळली, हे इंग्रजांचे गोडवे गाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तरीही गावाबाहेर पडण्याच्या काही वाटा निघाल्या. रेल्वेचे रूळ, गोदी, खडकीचा दारूगोळा कारखाना, छावण्या आणि साहेबांचे बंगले. इथे मजुरी रोख मिळे. हातात रोख पैसा आलेल्या माणसाला पाटलाच्या दारात भाकरीसाठी उभे राहावे लागत नव्हते. ही गोष्ट लहान नाही. पण सर्वांत मोठी वाट लष्कराची होती. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची ४९ नावे आहेत आणि त्यातली २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाची आहेत. दरवर्षी आपण तिथे जातो, शौर्याला वंदन करतो, ते योग्यच आहे. पण त्या पलटणींनी आपल्याला तलवारीपेक्षा मोठे असे काही दिले, त्याची चर्चा कमी होते. पगार, पेन्शन आणि पलटणीची शाळा.

कंपनीच्या फौजेत शिपायांना व त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, असे बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवले आहे. गावची शाळा आपल्या मुलांना उंबरठ्यावरून हाकलत होती. १८५६ साली धारवाडला एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला आणि सरकारने सवर्णांच्या विरोधापुढे मान तुकवली. त्याच काळात छावणीत मात्र महाराची मुलगीसुद्धा अक्षर गिरवत होती. सुभेदार रामजी सकपाळ चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला, हा योगायोग नाही. गोपाळबाबा वलंगकरही पलटणीचेच. १८८६ साली निवृत्त होऊन ते दापोलीला राहिले, महात्मा फुल्यांच्या विचाराने लिहू लागले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केले. पेन्शन नसती, तर वलंगकरांच्या हाती लेखणीसाठी सवड आली असती का?

मग हे दार बंद झाले. लढवय्या जातींचा सिद्धांत सरकारने डोक्यावर घेतला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली. कोणत्या लढाईत आपण पाठ दाखवली होती? कोणत्याच नाही. केवळ एक धोरण बदलले आणि तीन पिढ्यांची वाट मिटली. वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज लिहिला. आपण मूळचे क्षत्रिय, असा त्यात दावा होता. तो आज आपल्याला पटणार नाही, पण मागणी अचूक होती. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर असलेल्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली तीच मागणी थेट भारतमंत्र्यांपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महार पलटण उभी राहिली, गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट झाली ती १९४१ साली, पुन्हा युद्ध पेटल्यावर.

लष्कराचे दार सरकारने बंद केले. गिरणीतले दार तर कोणत्याच हुकुमाने बंद झाले नव्हते. मुंबईत कावसजी दावरांनी १८५४ साली पहिल्या गिरणीचा घाट घातला आणि पुढे कोकण-देशावरून माणसे येत गेली. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित केले. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली, ती सर्व जातींच्या कामगारांना मिळाली. पण अस्पृश्य कामगाराला कताई खात्यात घेत, विणकाम खात्यात नाही. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी घालावी लागे आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने ओठ लावलेला धोटा दुसऱ्याच्या ओठी जाणार, म्हणजे विटाळ! विणकाम खात्यात कमाई जास्त होती, हा या सोवळ्याचा खरा अर्थ. यंत्र मँचेस्टरचे होते, पण ते चालवणारे हात कोणाचे हे मनू ठरवत होता. लाल बावट्याखालीही ही भिंत उभीच राहिली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे खडसावून मांडावा लागला. मार्क्सच्या त्या लेखाला तेव्हा पंचाहत्तर वर्षे झाली होती.

आता आजचे बघा. लष्करात २०२२ साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी चारपैकी तीन जवान पेन्शनशिवाय घरी जातील, अशी तिची रचना. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सरकारी पदे कंत्राटी पद्धतीने भरण्याचा निर्णय काढला, तो जनतेच्या रेट्यामुळे मागे घ्यावा लागला. पण सफाईचे काम बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराच्या हाती गेलेच आहे, आणि तिथे कोणाची माणसे राबतात हे सांगायला नको. पगार, पेन्शन, शाळा या ज्या तीन गोष्टींवर आपली पहिली शिकलेली पिढी उभी राहिली, त्याच तिन्हींवर आज घाव पडत आहे, आणि आम्हाला सांगितले जाते की बाजारावर विश्वास ठेवा.

विश्वास ठेवू, पण हजेरीपट पाहून. केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जातनिहाय गणनेची घोषणा केली, तिचे स्वागत आहे. त्याबरोबर खासगी कंपन्यांनीही आपली आकडेवारी खातेनिहाय जाहीर करावी, अशी मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. झाडू मारणारे किती आणि कोणत्या समाजाचे, यंत्रावर किती, कार्यालयात किती, संचालक मंडळात किती. सरकारी सवलतीची जमीन, पाणी आणि करमाफी घेणाऱ्या उद्योगांपासून सुरुवात करावी. जात गेली असे म्हणणाऱ्या उद्योगपतींना हे आकडे दाखवायला हरकत नसावी.